सोनईची पांढरी गाडी

जुनी गाडी घेताना काय काय बघायचं, याची दोन पानं जयानं स्वतःच्या हातानं लिहून काढली होती. त्या रविवारी सकाळी ती सोनईला निघाली तेव्हा ती पानं पर्समध्ये होती आणि शेजारी अलीमभाई होते.

अलीमभाईंचं गॅरेज नगरला, कोठला भागात. जयाचे वडील होते तेव्हापासून त्यांच्या घरची स्कूटर अलीमभाईंच्याच हातात. माणूस कमी बोलणारा, पण गाडीच्या बाबतीत कुणाला फसू देणार नाही, असं वडील म्हणायचे. जया मात्र वडिलांसारखी नव्हती. ती जात्याच संशयी. पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात ती लॅब टेक्निशियन. तिथंही एकदा आलेल्या रिपोर्टवर तिचा भरवसा नसायचा, तोच नमुना पुन्हा लावून बघायची तेव्हा कुठं सही करायची.

गाडीची गरज काही हौसेपोटी नव्हती. सावेडीतल्या घरी ती आणि आई, दोघीच. मागच्या डिसेंबरात संध्याकाळची एसटी चुकली, मग धरलेली वडापची जीप करंजीच्या घाटात बंद पडली, आणि जया घरी पोचली तेव्हा आई, सत्यशीलाबाई, न्हाणीघरात पडलेल्या होत्या. पाय घसरला होता. तीन तास तशाच गार फरशीवर. हाका मारून मारून आवाज बसला होता. त्या दिवसापासून जयानं ठरवलं, अंधाराच्या आत घरी पोचवील अशी गाडी हवी. दिसायला कशीही असो, वाटेत दगा देणारी नको.

दोन महिने त्यांनी गाड्या पाहिल्या. एकीच्या सीटखालच्या पट्ट्यांत वाळलेला गाळ निघाला, म्हणजे ती पुरात बुडालेली. दुसरीच्या डिक्कीतलं कार्पेट अलीमभाईंनी उचललं, तर खाली ताजं वेल्डिंग. मग कोणीतरी सोनईच्या वैजनाथांचं नाव सांगितलं.

वैजनाथ पशुवैद्यकीय खात्यात होते. पाथर्डीच्या गुरांच्या दवाखान्यात काही वर्षं होते, आता बदली होऊन गावातच आले होते. गाडी दारात उभी होती. पांढरी, छोटी, पेट्रोलची. एकाच मालकाच्या हातची.

जयानं पानं काढली आणि एकेक विचारत गेली. अपघात? "एक वरखडा न्हाई, बघून घ्या." सर्व्हिसचे कागद? सगळे तारखेवार लावलेले. टायर सारखे झिजलेले, चेसिस नंबर आरसीशी जुळणारा, बोनेटखालचे सगळे नटबोल्ट कंपनीतून आले तसे, पान्याचा डागसुद्धा नाही. अलीमभाई गाडीखाली सरपटत जाऊन आले, हात पुसत म्हणाले, "ताई, अशी गाडी पुन्हा मिळायची नाही."

"मग का विकताय?" जयानं वैजनाथांना विचारलं.

"आता दवाखाना घरापासून हाकेवर. कशाला पाळायची?"

उत्तर सरळ होतं. पण बोलताना ते गाडीकडे पाहत नव्हते. घराकडे पाहत होते.

त्यांची आई गोजरबाई ओट्यावर चहा घेऊन आली. ऐंशीच्या पुढची, वाकलेली, पण डोळे लखलखीत. माणसं चार आणि कप पाच. वैजनाथांनी झटकन पाचवा कप उचलून आत नेऊन ठेवला. "म्हातारपन. चुकतंय कवाकवा," ते म्हणाले. घरात आणखी कोण, असं जयानं सहज विचारलं, तर म्हणाले, "मंडळी माहेरी गेलीय." कधीपासून, ते विचारायच्या आत त्यांनी किल्ली पुढं केली.

गाडीत खोट सापडत नाही, हीच गोष्ट जयाला खटकत होती. तरीही तिनं गाडी घेतली.

पहिले काही दिवस सोन्यासारखे गेले. सकाळी घाट चढून जायचं, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत घरी. आई खिडकीत बसून वाट बघायची आणि गाडी दिसली की चहा टाकायची.

मग एका संध्याकाळी, पाथर्डीहून परतताना, निवडुंगे गाव मागं पडलं आणि पुढच्या ओढ्यावरच्या मोरीवरून गाडी गेली, तसा आवाज सुरू झाला. टिंग... टिंग... टिंग. समोर लाल दिवा लागला होता. शेजारच्या सीटवर माणूस बसला असेल आणि त्यानं पट्टा लावला नसेल, तर लागतो तो.

सीट रिकामी होती.

पर्सच्या वजनानं होत असेल म्हणून तिनं पर्स उचलून मागं टाकली. आवाज चालूच. तिसगावचा स्टँड आला, तिनं गर्दीमुळं गाडी हळू केली, आणि आवाज आपोआप थांबला.

दुसऱ्या दिवशी पर्स मागंच होती. मोरी आली. टिंग. तिसगाव आलं. बंद.

जयानं ते वहीत लिहून ठेवलं. तिची सवयच ती. आठवड्याभरानं वहीत दिसायला लागलं की सकाळी जाताना आवाज कधीच होत नाही. फक्त परतताना. सुरुवात नेहमी त्याच मोरीवर. शेवट मात्र हलत होता. तिसगावला थांबणारा आवाज पुढच्या आठवड्यात करंजीपर्यंत आला. मग घाट उतरून खाली आला. मग मेहेकरी.

कोणीतरी रोज थोडं थोडं पुढं येऊन उतरत होतं.

तिनं गाडी अलीमभाईंकडे नेली. त्यांनी सीट काढली, वायर तपासली, सेन्सरचा जोड साफ केला. "काही खराबी नाही, ताई. सेन्सर बरोबर काम करतोय."

"बरोबर कसा? सीटवर कोणी नसताना वाजतो."

अलीमभाईंनी डोकं खाजवलं. "असं करा, रिकाम्या सीटचा पट्टा लावूनच ठेवा. वाजायचा नाही."

तिनं तसं केलं. आवाज बंद झाला, आणि तिच्या ध्यानात आलं की हे आवाजापेक्षा वाईट आहे. आता शेजारची सीट कधी भरली, कधी रिकामी झाली, काही कळेना. त्या शांततेत तिनं दोन संध्याकाळी काढल्या. दुसऱ्या संध्याकाळी गाडीत ओल्या मातीचा वास आला, नांगरटीनंतर येतो तसा, आणि काचा तर बंद होत्या. तिसऱ्या दिवशी तिनं पट्टा काढून टाकला. वाजू दे. निदान कळेल तरी.

त्या दिवशी आवाज चांदबिबी महालाच्या पायथ्याशी थांबला. तिथून भिंगार जवळ. भिंगारपासून सावेडी किती लांब?

भीती वाटली की जयाचा संशय वाढायचा. ती सरळ कोठल्यात गेली. गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत म्हणाली, "अलीमभाई, खरं सांगा. वैजनाथांकडून किती घेतले? तुम्हाला हे आधीच माहीत होतं ना?"

अलीमभाईंच्या हातातला पाना तसाच राहिला. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचे वडील गेले त्या दिवशी दवाखान्यापासून घरापर्यंत त्यांना आणणाऱ्या गाडीच्या पुढं मी होतो, ताई. तुम्ही मला हे विचारताय?"

जया खाली मान घालून उभी राहिली. पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

"उद्या मी एसटीनं पाथर्डीला येतो," अलीमभाई म्हणाले. "येताना तुमच्याबरोबर बसतो. काय असेल ते माझ्या डोळ्यांनी बघू द्या."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते दवाखान्याच्या फाटकाशी उभे होते. पुढं बसले नाहीत. मागच्या सीटवर, जयाच्या बरोबर पाठीमागं बसले. ऊन तिरपं झालं होतं, रस्त्याकडेच्या बाभळींच्या सावल्या डांबरावर आडव्या पडल्या होत्या. मोरी आली.

टिंग... टिंग... टिंग.

अलीमभाई पुढं वाकले. उजवा हात लांबवून रिकाम्या सीटवर तळवा ठेवला. आणि विस्तवावरून काढावा तसा मागं घेतला.

"काय झालं?"

"सीट गरम आहे..."

"गाडी दिवसभर उन्हात होती."

"ताई... मी बसलो तेव्हा मागची सीट गार होती."

जयानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. हलवायची छातीच झाली नाही.

"गाडी थांबवू नका," अलीमभाई अगदी हळू म्हणाले. "चालवत राहा. मी पट्टा लावून बघतो..."

त्यांनी मागूनच हात घालून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. आवाज थांबला. रिकाम्या सीटवर आधीच लावून ठेवलेला पट्टा कसा दिसतो, हे जयाला आता चांगलं माहीत होतं. तो सीटला चपटा चिकटून राहतो. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पट्टा चिकटला नव्हता. सीटपासून वीतभर पुढं, हवेत, ताणून उभा होता. माणसाच्या पोटावरून जावा तसा त्याला बाक आला होता. आणि तो बाक जरासा वर व्हायचा, जरासा खाली व्हायचा. सावकाश. झोपलेल्या माणसासारखा.

अलीमभाई मागं पुटपुटत होते. कलमा असावा.

तिसगाव गेलं. करंजी गेली. घाटाच्या वळणांवर तो पट्टा वळणाबरोबर कलत होता. मेहेकरी गेली. चांदबिबी महाल डोंगरावर काळा दिसायला लागला, तसे दोघंही पट्ट्याकडे बघत राहिले. काल इथं उतरलं होतं.

पट्टा सैल झाला नाही.

भिंगार आलं. दुकानांचे दिवे लागत होते. भाजीवाल्यांच्या गाड्यांभोवती बायका होत्या, कोणी हसत होतं. शेजारी पट्टा तसाच ताणलेला.

"घरी नका नेऊ," अलीमभाई म्हणाले. "आईसाहेब एकट्या आहेत."

जयानं गाडीचा वेग कमी केला. "मग कुठं नेऊ...?"

"जिथून आणली तिथं."

तिनं गाडी संभाजीनगर रस्त्याला घातली. आईला फोन करून शेजारच्या झुंबरबाईंना सोबतीला बोलवायला सांगितलं. घोडेगावला मोठा रस्ता सोडला. सोनईत शिरले तेव्हा घराघरांतून भाकरीचा वास येत होता.

गाडीचा आवाज ऐकून वैजनाथ बाहेर आले. दारातल्या दिव्याच्या उजेडात त्यांनी आधी जयाकडं पाहिलं, मग डावीकडच्या काचेतून आत पाहिलं. पट्टा त्यांना दिसला. ते ओट्याच्या कडेवर बसले.

जया आणि अलीमभाई खाली उतरले. "तुम्ही फसवलंत," जया म्हणाली.

"न्हाई वो, ताई. देवाच्यान. माझ्या मतानं गाडी मोकळी झाली हुती."

मग त्यांनी सांगितलं. गाडी त्यांच्याकडं होती तेव्हाही त्या मोरीवरच चढायचं. कोण, कशानं, त्यांना माहीत नव्हतं. पाथर्डीत, निवडुंग्यात लोकांना विचारलं, तिथं अपघात नाही, मयत नाही, कोणाला काही ठाऊक नाही. आधी तिसगावला उतरायचं. मग मिरीला. मग पांढरीच्या पुलावर. मग घोडेगावात. आणि एका संध्याकाळी गाडी या दारात लावली, तेव्हा आवाज थांबला.

"दार न उघडता उतरलं," वैजनाथ म्हणाले. "हितं. माझ्या घरात. त्यानंतर गाडीत कवाच वाजलं न्हाई, महिनाभर मी रोज जाऊन यून बघितलं. म्हनून इकली. मंडळीला घरात ऱ्हावंना, ती गेली माहेरी. पन गाडीत कोन न्हाई, याची मला खात्री हुती."

"ते अजून इथं आहे?"

वैजनाथांनी होकारानं मान हलवली. घरात शिरायच्या दाराकडं बघितलं.

"मग माझ्या गाडीत कोण आहे?" जयानं विचारलं.

त्याच वेळी आतून गोजरबाई बाहेर आली. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. कोणाशी बोलली नाही, सरळ गाडीकडं गेली. डावीकडचं दार उघडलं, वाकून पट्ट्याचा खटका दाबला, पट्टा सर्रकन मागं गेला.

"या," ती म्हणाली. पाहुण्याला म्हणावं तसं, मायेनं. "लांबून आल्याती. तान लागली आसंल. या, उतरा."

गाडी हलली. बसलेला माणूस उतरल्यावर स्प्रिंगवर उचलली जाते, तशी डावीकडून वर आली.

जयाचा संशय त्या क्षणीही मेला नव्हता. तिनं चटकन वैजनाथांकडं पाहिलं. ते ओट्यावरच होते, दोन्ही हात मांडीवर. गाडीला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

गोजरबाईनं पुढचं दार लावलं. आणि मग मागचं उघडलं.

"तुमी बी या की. आसं आवघडून कशाला बसायचं?"

गाडी पुन्हा उचलली गेली. थोडं थांबून, आणखी एकदा.

अलीमभाईंनी भिंतीला हात टेकला. पाथर्डीपासून इथवर ते त्याच सीटवर बसून आले होते.

म्हातारीनं तांब्या ओट्यावर ठेवला, दाराशी बाजूला सरकली, तिघांना वाट द्यावी तशी. मग जयाजवळ येऊन तिच्या गालावरून हात फिरवला. तो हात कोरडा आणि उबदार होता.

"भिऊ नगंस, बाई. त्यांना कोन 'या' म्हनत न्हाई म्हनून ती बसून ऱ्हात्यात. आता ऱ्हातील हितं, माझ्याजवळ. गाडी न्ये तू. मोकळी झाली."

परतताना अलीमभाईंनी गाडी चालवली. जया शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावून, कारण मागं बसायची तिची तयारी नव्हती. घरी पोचल्यावर खाली उतरून ती म्हणाली, "अलीमभाई, मी त्या दिवशी जे बोलले..."

"जाऊ द्या, ताई. आईसाहेब वाट बघत असतील." त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि चालत निघाले.

आठ दिवस जयानं गाडीला हात लावला नाही, एसटीनं गेली. नवव्या दिवशी पुन्हा एसटी चुकली, आईचा फोनवर फोन आला, आणि दहाव्या दिवशी तिनं गाडी बाहेर काढली. मोरीवरून जाताना स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिना गेला, दोन गेले. गाडी खरंच चांगली होती. उन्हाळ्यात घाटात दुसऱ्या गाड्या तापून कडेला लागायच्या, हिची कधी कुरकुर नाही. आईची तब्येत सुधारली, ती काठी सोडून चालायला लागली. दर सर्व्हिसिंगला अलीमभाई चहा मागवायचे, आणि जया आता त्यांनी सांगितलेलं पुन्हा पडताळून बघत नसे. त्या संध्याकाळचं दोघं कधी बोलले नाहीत.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी लॅबमध्ये, तिच्या फोनवर वैजनाथांचं नाव आलं. तिनं दोन वेळा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला.

"ताई, गाडी ठीक हाय नव्हं?"

"ठीक आहे."

"घरी आई बऱ्या हायेत?"

"बऱ्या आहेत. का हो?"

वैजनाथ बाहेर, शेतात कुठंतरी येऊन बोलत असावेत, वाऱ्याची घरघर येत होती.

"तुमास्नी सांगावं का नगं, लई इचार केला," ते म्हणाले. "हितं उतरल्यात त्यांचा आमाला तरास न्हाई. आई संबाळती. पन त्यातलं एक... आई म्हनती, रोज सांजच्याला उंबऱ्याशी यून बसतंय. आन तिला इचारतंय, सावेडीला ताईंच्या घरी कसं जायाचं."

जयानं हातातली काचेची नळी स्टँडमध्ये ठेवली. "मग? आजींनी सांगितलं का?"

"तेच तर." वैजनाथांचा आवाज खाली गेला. "आईला हल्ली काही ध्येनात ऱ्हात न्हाई, ताई. आज सकाळी मी इचारलं, तर लई येळ आठवत बसली. मंग म्हनली... 'परवा सांगितलं का न्हाई सांगितलं, आता ठावं न्हाई रं बाबा. पन काल सांजच्याला उंबऱ्याशी कोन आलं न्हाई.'"